वेळेवर जेवायचं व्रत

आमच्याकडे माणसाचं दुःख किती खोल आहे हे मोजायची एक पद्धत आहे. विहिरीचं पाणी दोर सोडून मोजतात, तसं दुःख जेवण विचारून मोजतात. घरात कोणी आजारी असलं की समाचाराला आलेला माणूस आधी आजाऱ्याची चौकशी करतो आणि मग घरच्यांकडे वळून विचारतो, "जेवलायसा का?" प्रश्न दिसतो साधा, पण ती परीक्षा असते. "कुठलं जेवण घेऊन बसलाय" असं उत्तर आलं तर माणूस पास. "खाल्ला की अर्धा तुकडा, बळंच" असं आलं तर काठावर पास. आणि "हो, आत्ताच जेवलो, मेथीची भाजी छान झाली होती" असं जर कोणी म्हणाला, तर विचारणारा उठतो, चपला घालतो आणि कोपऱ्यावर भेटणाऱ्या पहिल्या माणसाला सांगतो, "पोरगं काय कामाचं न्हाई. बाप दवाखान्यात, आन ह्यो मेथी खातोय!"

झोपेचंही तेच. "डोळ्याला डोळा न्हाई चार रात्री" हे वाक्य आमच्या कवठे महांकाळात पदवीसारखं वापरतात. व्यायामाचं तर नावच काढू नका. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना जो संध्याकाळी बुटाच्या नाड्या बांधून फिरायला निघतो, त्याच्याविषयी गावाचं मत काय आहे हे कळायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. पिठाच्या गिरणीत पाच मिनिटं उभं राहिलं की पुरे.

प्रश्न गमतीचा वाटतो, पण तो नीतीचा आहे. आपलं माणूस संकटात असताना आपण आपल्या शरीराकडे बघावं का? बघितलं तर तो स्वार्थ होतो का? आणि न बघणं, म्हणजे वेळी-अवेळी चहा, उभ्याउभ्या भाकरी, जागरण, याला प्रेम म्हणायचं का? आत्मा अमर आहे की नाही यावर आपल्याकडे पुष्कळ भाष्यं आहेत. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकानं वडापाव खावा की भाकरी, यावर कोणा आचार्यांनी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणून ही जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे.

२०२२ च्या फेब्रुवारीत, बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं पडायच्या दिवसांत, आमच्या आबांच्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरी भाषेत पक्षाघात. वय शहात्तर. सकाळी चहाची बशी उजव्या हातातून सुटली आणि आबा तिच्याकडे असे बघत राहिले, की जणू बशी दुसऱ्याच कोणाची. तासाभरात आम्ही मिरजेच्या रस्त्याला होतो.

मिरज आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. तंबोरे आणि दवाखाने या दोन गोष्टींसाठी ते गाव प्रसिद्ध. डॉ. विल्यम वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी तिथं १८९४ साली रुग्णालय उघडलं, आणि पुढं तिथं इतके दवाखाने झाले, की आमच्या भागात "मिरजेला नेलंय" एवढं म्हटलं तरी ऐकणारा खुर्चीत जरा सावरून बसतो. नुसतं "मिरजेला गेलाय" म्हटलं, तर तो तंबोरा आणायलाही गेलेला असू शकतो. मराठी भाषेत 'जाणे' आणि 'नेणे' यांतला फरक एवढ्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या गावानं दाखवला असेल असं मला वाटत नाही.

बावीस दिवस आम्ही तिथं होतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही; सांगण्यासारखं काही घडलं नाही. सगळ्या दवाखान्यांचे व्हरांडे सारखेच. तिथं पेशंट आत असतो आणि आजार बाहेर वाढत असतो. आत आबांना मोजून मीठ, मोजून पाणी, दर चार तासांनी रक्तदाब. बाहेर आम्ही सातजण, आणि आमचा रक्तदाब बघायला कोणी नाही. चहा येतो. का येतो, कोणी मागवला, विचारायचं नसतं. डॉक्टर आत गेले की चहा, बाहेर आले की चहा, 'चोवीस तास काही सांगता येत नाही' म्हणाले की सगळ्यांना चहा आणि भजी. दुःखात गोड चालत नाही अशी आपली समजूत. पण चहातली साखर तिच्यात धरत नाहीत. भेटायला येणारे पिशवीतून बेदाणा आणतात, कारण आमच्या तालुक्यात द्यायला दुसरं काय असतं? पेशंटला तो चालत नसतो. मग हा मूठभर, तो मूठभर, असं करत नातेवाईकच दोन किलो बेदाणा संपवतात, आणि शिवाय 'जेवण जात नाही' म्हणतात. ते खरंही असतं.

याच व्हरांड्यात माझ्या धाकट्या भावाला साक्षात्कार झाला. तो पुण्याला असतो. आबांना नळ्या लावलेल्या बघून तो हादरला आणि त्यानं तिथल्या तिथं आयुष्य बदलायचं ठरवलं. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांना १९९५ साली हृदयविकाराचा झटका आला, त्यांनी आपला आहार, व्यायाम, सगळी राहणीच बदलली आणि त्यावर 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं, हे पुष्कळांना माहीत आहे. भावानं ते पुस्तक आयसीयूबाहेरच्या बाकावर एका रात्रीत वाचलं. पहाटे मला उठवून सांगितलं, "दादा, आजपासून रोज दहा हजार पावलं. साखर बंद. मैदा बंद. पाच वाजता उठणं. कारल्याचा रस." डॉक्टर बंगांनी जे वर्षं घालून केलं, ते हा गुरुवारपासून करणार होता. पुस्तक एका रात्रीत वाचलं, आचरण नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी आबांना न्यूमोनिया झाला, आणि त्या धावपळीत कारलं गेलं ते गेलंच.

यात त्याची चेष्टा करायचा हेतू नाही. पण दहा हजार हा आकडा आला कुठून? तो वेदात नाही, वैद्यकातही नव्हता. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. विकणाऱ्याला आकडा भरघोस वाटला आणि साऱ्या जगानं तो पाठ केला. पुढं २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सत्तरीच्या आसपासच्या हजारो बायकांची पावलं मोजली, तेव्हा असं दिसलं की दिवसाला सत्तावीसशे पावलं चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे चालणाऱ्यांतसुद्धा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढं चालून आणखी काही पदरात पडत नव्हतं. म्हणजे दहा हजारांतली अडीच हजार पावलं त्या जपानी यंत्राच्या खात्यावर गेली म्हणायची.

आबा घरी आले. मधल्या खोलीत लोखंडी खाट, कुशी बदलायचं वेळापत्रक, औषधांचा डबा. आणि खाटेशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत आई.

आता खरा विषय सुरू होतो. तोवर पेशंट एक होता.

आईचं वय बहात्तर. गेली बारा वर्षं साखर. पण आबांच्या खाटेशेजारी बसल्यापासून तिनं आपलं शरीर असं बाजूला ठेवलं, जसं पावसाळा संपल्यावर छत्री ठेवतात. जेवण सगळ्यांचं झाल्यावर, तेही ओट्यापाशी उभं राहून, आबांच्या ताटलीतलं उरलेलं अधिक एक भाकरी. गोळ्या आठवल्या तर. रात्री चार वेळा उठणं. गुडघे सुजले, पावलं सुजली. बोटाला विळी लागली ती जखम तीन आठवडे ओली राहिली. तपासली तेव्हा उपाशीपोटी साखर दोनशे दहा निघाली, आणि ती ऐकून आई काय म्हणाली? "आसू दे. त्यांच्यापुढं माझं काय घेऊन बसलाय." आणि समाचाराला आलेल्या बायकांनी माना डोलावल्या. आई पहिल्या वर्गात पास झाली होती.

बोटाची जखम मला पुढं एका वेगळ्याच ठिकाणी भेटली. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जेनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरच्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या तेरा बायका घेतल्या, आणि त्याच वयाच्या, असं काही मागं नसलेल्या दुसऱ्या तेरा. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्या बायकांना नऊ दिवस जास्त लागले. पिट्सबर्गच्या शुल्झ आणि बीच यांनी तर १९९९ साली सांगितलं, की जोडीदाराची सेवा करताना ज्यांच्यावर ताण पडत होता अशा म्हाताऱ्या माणसांत, चार वर्षांत मरण्याचं प्रमाण सेवा न करणाऱ्यांपेक्षा त्रेसष्ट टक्क्यांनी अधिक होतं. हे वाचल्यावर मी आईच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. खाटेला निदान कठडे होते.

"आई, तुम्ही जरा आपल्या तब्येतीकडं बघा," असं तिला सगळेच म्हणायचे. सांगलीहून आलेले म्हणायचे, जतहून आलेले म्हणायचे, भाऊ पुण्याहून फोनवर म्हणायचा. हे वाक्य फुकट असतं म्हणून पुष्कळ वापरतात. म्हणणारा खुर्चीकडे कधी बघत नाही. आई उठली तर त्या खुर्चीत बसायचं कोणी, हे त्या वाक्यात कुठंच नसतं.

विरोधी पक्षाच्या नेत्या आमच्या आत्ती, आबांच्या धाकट्या बहीण. वय अडुसष्ट, आवाज अठ्ठावीस. आईनं संध्याकाळी वीस मिनिटं बाहेर फिरून यावं, अशी सूचना मी पहिल्यांदा मांडली तेव्हा त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

"दादा हितं आडवा पडलाय, आन वैनी फिराय जाणार? गाव काय म्हणंल?"

"गावाला साखर नाही, आत्ती. आईला आहे."

"साखर! दादानं जल्मभर नमस्कार घातलं. काय झालं त्येचं?"

हा मुद्दा जोरदार होता, तो मान्य केला पाहिजे. आबांचं आजोळ आटपाडीचं. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्कारांचा इतका ध्यास, की संस्थानातल्या शाळांतून पोरांना त्यांनी नमस्कार घालायला लावले. आबांच्या मामांनी ते शाळेत शिकले आणि भाच्याच्या गळ्यात घातले. आबा सत्तरीपर्यंत रोज बारा नमस्कार घालत. तरी वारं गेलं. आत्तींचं म्हणणं थोडक्यात असं, की शरीराची निगा राखून जर शेवटी खाटच मिळणार, तर ती न राखता मिळवलेली काय वाईट? या युक्तिवादानं दात घासायचंही कारण उरत नाही. शिवाय आबांचा पाय महिन्याभरात हालला, तेव्हा व्यायाम घेणारा मुलगा म्हणाला होता, "काका पूर्वी काही करत होते का? स्नायू छान आहेत." पण आत्ती त्या दिवशी ढालगावला गेल्या होत्या.

मला मात्र आत्तींचा राग येत नव्हता, कारण त्यांच्या बोलण्यात एक खरी भीती होती. 'स्वतःची काळजी' या नावाखाली अंग काढून घेणारेही असतात. आमचे एक नातेवाईक आहेत. बाईचे की बुवाचे ते सांगत नाही. आबांचा आजार कळल्याबरोबर त्यांनी मुंबईहून निरोप धाडला, की डॉक्टरांनी मला ताण घ्यायला मनाई केली आहे, तेव्हा येता येत नाही. ते अजून ताण घेत नाहीत. त्यांची तब्येत उत्तम आहे. आता आई वीस मिनिटं देवळापर्यंत जाऊन येणार, आणि हे दीड वर्ष मुंबईत थांबणार, ही दोन्ही माणसं आपापल्या प्रकृतीलाच जपतात. फरक कुठं आहे? मला वाटतं, परत येण्यात आहे. जो परत खुर्चीत येऊन बसण्यासाठी उठतो, त्याच्या उठण्याला नावं ठेवायचं कारण नाही.

हे मी आत्तींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसली भाषणं शाळंत करत जा."

मग मी कालिदास काढला. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात पार्वती तपाला बसली आहे. झाडावरून गळालेली पानं खायचीसुद्धा सोडली, म्हणून तिचं नाव अपर्णा पडलं. तिथं शंकर बटूच्या वेषात येतो, आणि आधी काय विचारतो? झेपेल एवढंच करतेस ना, असं विचारतो. धर्माचं पहिलं साधन शरीर आहे, याची आठवण करून देतो. म्हणजे साक्षात महादेवानं 'जेवलायसा का?' विचारलं, पण आमच्या गावाच्या बरोबर उलट बाजूनं. इथं जेवली असती तर पास झाली असती. आत्तींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती उठली का तपावरनं?" नव्हती उठली. कालिदासानं माझी बाजू नीट लढवली नाही.

अखेर प्रश्न सोडवला तो आमच्या सौ.नं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चाळीस पोरांना एकाच वेळी पाणी प्यायला लावायची तिला सवय. माझं व्याख्यान चालू असताना ती कणीक मळत होती. त्या रात्री ती मला म्हणाली, "तुमचं सगळं बरोबर आहे, पण आईंना ते स्वतःसाठी करायला सांगताय. त्यांनी स्वतःसाठी आयुष्यात काय केलंय?"

मी विचार केला आणि थक्क झालो. आपलं पंचांग उघडून बघा. नवऱ्यासाठी उपास, मुलासाठी उपास, भावासाठी, घराण्यासाठी उपास. हरतालिका, वटपौर्णिमा, सोळा सोमवार. दुसऱ्यासाठी उपाशी राहायची व्रतं पानोपानी. दुसऱ्यासाठी वेळेवर जेवायचं एकही व्रत नाही! ऋषींनी एवढ्या कहाण्या रचल्या, पण 'एक आटपाट नगर होतं, तिथं एक बाई होती, ती दुपारी बाराला बसून जेवायची, तिच्या पुण्याईनं नवरा बरा झाला' अशी एकही रचली नाही. रचली असती तर आज निम्मे दवाखाने बंद पडले असते.

दुसऱ्या दिवशी सौ. आईपुढं जाऊन बसली. "आई, मी महांकालीला नवस बोललेय. आबांसाठी. पण पाळायचा तुम्ही."

"कसला?"

"रोज संध्याकाळी पायी देवळाला जायचं. दोन्ही वेळचं जेवण वेळेवर, खाली बसून. आणि चहा बिनसाखरेचा."

आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "देवी कवापासनं माझ्या चहात बघाय लागली गं?"

पण नवस आबांच्या नावचा होता. आत्तींनासुद्धा बोलायला जागा राहिली नाही. उलट नवस मोडतो की काय म्हणून त्याच बाराच्या ठोक्याला ताट वाढायला लागल्या.

तुम्ही म्हणाल, हे खोटं झालं. मीही त्यावर पुष्कळ विचार केला, आणि मला ते खोट्यापेक्षा नोटा बदलून घेण्यासारखं वाटतं. परमुलखात आपले रुपये चालत नाहीत, तिथलं नाणं घ्यावं लागतं. आईच्या मुलखात 'माझ्यासाठी' हे नाणं कधी चाललंच नाही. 'त्यांच्यासाठी' एवढंच चालतं. वाईट वाटायचं तर नवसाचं वाटू नये, ते नाणं बहात्तर वर्षं का चाललं नाही, याचं वाटावं.

तरी पहिल्या दिवशी देऊळ काही जमलं नाही. गुडघे बोलत होते. इथं मात्र आमचा तालुका मदतीला आला. आमचा भाग दुष्काळी. आता शिवारात पाणी दिसतं ते म्हैसाळ योजनेचं. कृष्णेचं पाणी खालून उचलायचं, एका पंपघरातनं पुढच्या उंचीवर टाकायचं, तिथनं पुन्हा उचलायचं. एकदम कोणी इतकं वर फेकू शकत नाही. टप्पे करावे लागतात. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. सौ.नं आईच्या वाटेचे टप्पे पाडले. पहिला टप्पा गल्लीच्या तोंडाचा कडुलिंब, दुसरा पिठाची गिरणी, तिसरा देऊळ. कडुलिंबापर्यंत गेलं तरी त्या दिवसाचा नवस फिटला, अशी सवलत देवीकडून परस्पर मिळवली. आठवडाभर आई कडुलिंबालाच हात जोडून येत होती. घरात "आज कुठला टप्पा?" असं विचारायची पद्धत पडली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय अंगी मुरायला किती दिवस लागतात ते शहाण्णव माणसांवर तपासलं होतं. ते २०१० च्या अंकात छापून आलं. सरासरी सहासष्ट दिवस. कोणाला अठरा पुरले, कोणाचा अंदाज दोनशे चौपन्नवर गेला. पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, पन्नास बैठकांसारखी उशिरा. आणि मला सगळ्यांत आवडलं ते हे, की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आजारपणाच्या घरात हे फार मोलाचं आहे, कारण तिथं दिवस चुकतातच. रात्री कॅथेटर तुंबतो, ॲम्ब्युलन्स येते, पावणे राहतात. भावाचं कारलं एका दिवसानं मेलं, कारण त्याला सगळं किंवा काहीच नाही एवढंच ठाऊक होतं. आईचा कडुलिंब चार दिवस चुकला तरी पाचव्या दिवशी जागेवर उभा असायचा. हे सहासष्ट दिवसांचं मी आईला सांगितलं होतं. तिनं "बरं" म्हणून सोडून दिलं होतं.

संध्याकाळी सहा ते साडेसहा खुर्चीत बसायची पाळी माझी आली. नवसाचं हे कलम सौ.नं मला नंतर वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत आबांच्या शेजारी रोज अर्धा तास असा मी कधी बसलो नव्हतो. आबांना शब्द अडायचे. आई दाराबाहेर पडली की ते विचारायचे, "गे... ली?" मी म्हणायचो, "गेली." मग ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. पंचवीस मिनिटांनी "आ... ली?" आली नसेल तर मला वाटायचं, अस्वस्थ होतील. पण एकदा आई कडुलिंबावरूनच लवकर परत आली, तेव्हा त्यांनी डावा हात उचलून तिला घड्याळ दाखवलं आणि रागानं मान हलवली. टप्पा पुरा करून ये, असं त्यांचं म्हणणं होतं. नवस कोणाच्या नावचा आणि कशासाठी, हे त्या खाटेवरून त्यांना आमच्या आधी कळलं असावं.

आईची साखर सहा महिन्यांत दीडशेच्या आसपास आली. बोटाची जखम भरली, सूज उतरली. रात्रीचं उठणं काही कमी झालं नाही. ते कुठल्या नवसानं कमी होणार? आबांचा उजवा हात मात्र शेवटपर्यंत परतला नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात आबा गेले. पहाटे, झोपेत. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, आणि भरल्या घरात पुन्हा तेच सुरू झालं. आईला कोणी जेवू घालेना. म्हणजे ताट पुढं ठेवायचे आणि तिनं ते सारलं की समाधानानं परत न्यायचे. चहात पुन्हा साखर आली. सौ. कोपऱ्यातून बघत होती, पण तिच्याकडेही आता बोलायला काही नव्हतं. नवसाचा धनीच गेला होता.

महिना झाला. पावणे पांगले, आत्ती तेवढ्या राहिल्या. एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला आई आतून आली, पदर सारखा केला आणि दारातल्या चपला पायात घालायला लागली.

आत्तींनी विचारलं, "कुठं निघालीस वैनी?"

"देवळाला."

"आता कशाला? नवस संपला की."

"तुझ्या दादाला ठावं हुतं, मलाबी ठावं हुतं. नवस कसला हुता त्यो," आई म्हणाली. "आन ह्यो म्हणतोय, मोडलं तर परत सहासष्ट दिस घालवाय लागत्यात."

आत्ती काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं उठल्या, आपल्या चपला शोधल्या, सापडल्या नाहीत, तेव्हा माझ्या रबरी सपाता घालून फटाक फटाक करत तिच्या मागं निघाल्या. मी दारात उभा राहून बघत होतो. पहिल्या टप्प्यालाच त्यांना दम लागला आणि त्या कडुलिंबाखाली टेकल्या. आई क्षणभर थांबली, त्यांना काहीतरी म्हणाली, आणि गिरणीच्या अंगानं पुढं गेली.